न घेतलेली उचल

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या एका कंपनीच्या शाखा कार्यालयात महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारी तिजोरीत अठरा हजार कमी भरले. घटना गंभीर होती. कार्यालय चौथ्या मजल्यावर होते आणि त्या इमारतीची स्वतःची लिफ्ट कित्येक वर्षांपासून दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्यांच्या मध्ये अडकून पडली होती. ती दुरुस्त करायची तर कंपनीला स्वतःकडेच रीतसर मागणी नोंदवावी लागली असती, स्वतःलाच आगाऊ रक्कम भरावी लागली असती, आणि कंपनीचा कंपनीवर तेवढा विश्वास नव्हता. अशा ठिकाणी अठरा हजार नाहीसे झाले याचे नवल नव्हते. नवल याचे, की ते कुणाच्या तरी लक्षात आले.

त्या कार्यालयात तिजोरीतला पैसा दोन प्रकारचा मानला जाई. एक नोटांचा, दुसरा चिठ्ठ्यांचा. कुणाला नड भासली, की त्याने तिजोरीतून पैसे घ्यावेत आणि त्या जागी 'अमुक इतकी उचल घेतली' अशी सही केलेली चिठ्ठी ठेवावी, असा शाखेचा जुना शिरस्ता होता. उचल पगारातून हप्त्याहप्त्याने वळती होई आणि पहिली फिटायच्या आत दुसरी निघे. "चिठ्ठी म्हणजे पैसाच," असे शाखेचे साहेब नव्या माणसाला पहिल्या दिवशी समजावून सांगत. नोटा आणि चिठ्ठ्या मिळून बेरीज जुळली, की तिजोरी बरोबर. बरेचदा ती निव्वळ चिठ्ठ्यांवरच जुळे. त्यामुळे चोरी कशाला म्हणायचे, याबद्दल तिथे कुणाच्या मनात गोंधळ नव्हता. पैसे घेणे म्हणजे चोरी नव्हे; चिठ्ठी न ठेवता घेणे म्हणजे चोरी.

या अठरा हजारांच्या जागी ना नोट होती, ना चिठ्ठी.

तिजोरीची किल्ली रोखपालांकडे असे. रोखपाल म्हणजे पन्नाशी ओलांडलेले, काटकुळे, पेनचे टोपण न चुकता पेनलाच लावणारे गृहस्थ. निवृत्ती तोंडावर आलेली. घरी बायको आणि नुकतीच एका शाळेत शिकवायला लागलेली लेक. आयुष्यभरात त्यांनी दोनच गोष्टी जमवल्या होत्या, एक निवृत्तीचा फंड आणि दुसरे चांगले नाव. आणि दोन्ही त्याच कार्यालयाच्या ताब्यात होत्या. पैसे कमी असल्याचे पहिल्यांदा त्यांनीच पाहिले आणि त्यांनीच साहेबांना जाऊन सांगितले. इथेच त्यांचे चुकले. अनुभवी माणूस अशा वेळी आजारी पडतो.

"कमी आहेत?" साहेब म्हणाले. "तुम्हाला कसं कळलं?"

"मोजले, साहेब."

"का मोजले?"

"रोजच मोजतो."

साहेबांनी शेजारी उभ्या असलेल्या हेडक्लार्ककडे पाहिले. हेडक्लार्कना कार्यालयात सगळे पाठीमागे 'पोटनियम' म्हणत. त्यांना नियमांपेक्षा पोटनियम जास्त पाठ होते आणि देहयष्टीही नावाला जागणारी होती.

"रोज मोजतात," पोटनियम हळहळून म्हणाले. "म्हणजे डोळा पैशावरच असतो."

दुपारी रोखपालांच्या टेबलावर पत्र आले. आपणाविरुद्ध अपहाराची कारवाई का करण्यात येऊ नये, याचा खुलासा आपण तात्काळ सादर करावा. रोखपालांनी पत्र दोनदा वाचले, कागद घेतला आणि लिहिले : 'मी पैसे घेतलेले नाहीत.' खाली सही केली. आणखी काय लिहायचे ते त्यांना सुचेना. कर नाही त्याला डर कशाला, असे मनाशी म्हणत त्यांनी तो कागद नेऊन दिला आणि डबा उघडून शांतपणे जेवले. तेच त्यांचे शेवटचे शांत जेवण.

खुलासा संध्याकाळी परत आला. त्यावर लाल शाईत शेरा होता : 'समाधानकारक नाही. फारच त्रोटक.'

"अहो, एका ओळीचा खुलासा असतो का कुठे?" पोटनियम त्यांच्या टेबलाशी खुर्ची ओढून बसले. ते मनाने वाईट नव्हते. "मागे आपल्या स्टोअरकीपरने तांब्याची तार पळवली, आठवतं? काय खुलासा लिहिला होता पठ्ठ्याने! आई अंथरुणाला खिळलेली, भाऊ परागंदा, तार विकून औषध आणलं. साहेबांच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. त्याला तंबी मिळाली आणि पुढल्या वर्षी बढती. तुम्ही काय लिहिलंत? 'घेतले नाहीत.' यात हेलावण्यासारखं आहे काय?"

"पण मी खरंच घेतले नाहीत. मला भ्यायचं काय कारण?"

"तिथंच तर घोळ आहे. ज्यानं केलेलं असतं त्याची तयारी असते. कर नाही त्यालाच डर, रोखपाल. जरा सविस्तर लिहा."

मग रोखपालांनी सविस्तर लिहिले. आपल्याशिवाय आणखी कोण पैसे घेऊ शकले असते, हे दाखवावे म्हणून त्यांनी नमूद केले, की तिजोरीचे कुलूप जुने आहे, ते केसांच्या पिनेनेही उघडते, आणि किल्ली हरवली असताना गेल्या वर्षी ते सर्वांसमक्ष तसे उघडण्यात आले होते. ही गोष्ट कार्यालयात झाडूवालीपासून साहेबांपर्यंत सगळ्यांना ठाऊक होती. लिहिलेली मात्र कुठे नव्हती. रोखपालांनी ती लिहिली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

दुसऱ्या पत्रात आरोप तीन झाले. एक, रक्कम अपहार. दोन, तिजोरी पिनेने उघडण्याचे ज्ञान बाळगणे. तीन, सदर ज्ञान वरिष्ठांपासून दडवून ठेवणे.

"पण साहेब, तुम्ही तिथेच उभे होता!" रोखपाल म्हणाले.

"मी होतो," साहेब शांतपणे म्हणाले. "पण मला लेखी कळवण्यात आलं नव्हतं."

बैल गेल्यावर झोपा करण्याची पद्धत तिथेही होतीच. लगोलग परदेशी बनावटीचे भलेमोठे कुलूप आणण्यात आले. ते आणायला तिजोरीतूनच उचल काढली गेली आणि कुलपाच्या आत कुलपाचीच चिठ्ठी ठेवली गेली. चौकशी पुरी होईपर्यंत किल्ली पोटनियमांकडे राहील आणि जबाबदारी रोखपालांकडे राहील, असा आदेश निघाला. त्यानंतर रोखपाल रोज सकाळी पोटनियमांनी उघडलेल्या तिजोरीसमोर बसत आणि आपण न उघडलेल्या तिजोरीला जबाबदार राहत.

चौकशी निःपक्षपाती व्हावी म्हणून तिघांची समिती नेमली गेली : साहेब, पोटनियम आणि युनियनचे सरचिटणीस. तिघांच्या चिठ्ठ्यांनी तिजोरीचा निम्मा खण व्यापला होता, तेव्हा तिजोरीशी त्यांचा परिचय दांडगा होता. समितीने प्रथम रोखपालांच्या चारित्र्यात लक्ष घातले आणि पहिल्याच बैठकीत तिला धक्का बसला.

"तुमच्या नावावर आजवर एकही उचल नाही?" साहेबांनी विचारले.

"नाही."

"एकही?"

"गरज पडली नाही."

तिघांनी एकमेकांकडे पाहिले.

"गरज पडली नाही म्हणजे? मुलीचं शिक्षण?"

"पगारात केलं."

"घरभाडं?"

"पगारात."

"कधी आजारपण?"

"बायकोला झालं होतं एकदा. तेही पगारातच झालं."

साहेब खुर्चीत मागे रेलले. "हे पाहा रोखपाल, तुमचा पगार मी स्वतः ठरवलेला आहे. तो पुरत नाही, याची मला पक्की खात्री आहे."

आतापर्यंत सरचिटणीस गप्प होते. रोखपालांना वाटले, हा तरी आपल्या बाजूने बोलेल. दर महिन्याची वर्गणी आपण वेळेवर देतो. सरचिटणीस उठले आणि मेजावर मूठ आपटली.

"भाऊ, तुम्ही हे काय करून ठेवलंत? उचल घेत नाही म्हणजे पगार पुरतो, असा अर्थ निघतो! उद्या पगारवाढीच्या बोलण्यांना बसलो, की मालक तुमचं नाव पुढे करतील. म्हणतील, हा माणूस बघा, मजेत जगतो. साऱ्या कामगारांच्या पोटावर पाय आणलात तुम्ही. त्यापेक्षा चोरी परवडली. चोराचं निदान पगारात भागत नाही, हे तरी सिद्ध होतं!"

समितीने मग तर्काने काम केले. या पगारात भागते असे म्हणणारा माणूस एकतर खोटे बोलत असला पाहिजे किंवा चोरी करत असला पाहिजे. रोखपाल खोटे बोलत नाहीत, हे समितीच्या तिन्ही सदस्यांनी एकमताने मान्य केले. इतिवृत्तात त्याची मुद्दाम प्रशंसापर नोंद घेण्यात आली. उरला तो दुसरा पर्याय.

बातमी चार जिने उतरून घरापर्यंत पोहोचायला वेळ लागला नाही. आजवर रोखपालांना उधारीवर काडेपेटीही न देणारा किराणावाला आता त्यांना पाहून गल्ल्यावरून उठू लागला. "नेऊन ठेवा हो, पैशाचं काय एवढं," असे म्हणून तो डोळा बारीक करी. शेजारचे निवृत्त पोस्टमास्तर, जे इतकी वर्षे फक्त हवेबद्दल बोलत, त्यांनी जिन्यात गाठून व्याजाचा दर विचारला. एकूण, रोखपाल प्रामाणिक होते तोवर कुणी त्यांना ओळखत नव्हते. आता गल्लीत त्यांचे वजन वाढले. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. इथे मूठ उघडून दाखवली तरी लोक ती झाकलीच आहे असे धरून चालले होते.

बायकोने पहिल्या दिवशी रडून घेतले, दुसऱ्या दिवशी शेजारणीशी भांडण काढले आणि तिसऱ्या दिवशी कपाट आवरायला काढले. कपाट झाल्यावर तिने माळा आवरला. माळ्यावर तर वर्षानुवर्षे कुणी चढले नव्हते.

"काय शोधतेस?" रोखपालांनी विचारले.

"काही नाही." ती खाली उतरली, पदराने हात पुसले आणि शेजारी येऊन बसली. "अहो, जगापासून लपवलंत ते ठीक. पण माझ्यापासून तरी लपवू नका."

"अगं, मी घेतलेच नाहीत!"

"खरंच नाहीत?"

"नाहीत."

तिला जे वाटले ती निराशाच होती, हे रोखपालांनाही दिसले. "म्हणजे एवढी शोभा झाली ती फुकटच? खाल्ले असते तर निदान अंगाला तरी लागले असते!"

बायकोचा भाऊ वकील होता. तो रविवारी आला, पायांतले बूट न काढताच बसला आणि सारी कागदपत्रे चाळून म्हणाला, "भावोजी, केस अवघड करून ठेवलीत."

"का?"

"घेतले असते तर सोपं होतं. घेतलेले पैसे परत करता येतात, माफी मागता येते, परिस्थिती सांगता येते. न घेतलेले तुम्ही परत कसे करणार?"

"पण मी गुन्हाच केला नाही, तर मला शिक्षा कशी होईल? काही न्याय आहे की नाही?"

"चोर सोडून संन्याशाला फाशी का देतात, माहीत आहे? संन्याशाकडे तडजोडीला काही नसतं. थोडं तरी कबूल करा. अठरातले चार घेतले म्हणा. चारांत मी तुम्हाला सोडवून आणतो."

लेक दारात उभी राहून ऐकत होती. ती पुढे आली आणि मामाच्या हातातली कागदपत्रे काढून घेतली. "मामा, बाबांनी घेतले नाहीत म्हणाले ना? मग नाही घेतले. शाळेत शिक्षकांच्या खोलीत एक बाई काहीबाही बोलत होत्या, त्यांनाही मी हेच सांगितलं. अजून कुणी बोललं तर त्यालाही सांगेन."

"पुरावा काय?" मामाने सवयीने विचारले.

"बाबा म्हणाले, हा."

रोखपालांना त्या क्षणी रडू आले आणि त्यांनी ते लपवले नाही. लाल शाई, समिती, किराणावाल्याचा बारीक डोळा, सगळे त्या तीन शब्दांनी पुसून निघाले. जगात एका माणसाने आपला खुलासा मान्य केला आहे, या आधारावर ते दुसऱ्या दिवशी चारही जिने न थांबता चढले.

त्याच दिवशी साहेबांनी त्यांना केबिनमध्ये बोलावले.

"दार लोटून घ्या," साहेब म्हणाले. "बसा. चहा घेणार? आता घरच्यासारखं बोलू. ते पैसे मी घेतले."

रोखपालांनी दार नीट लोटले आहे ना, ते वळून पाहिले.

"मोटारीचा हप्ता थकला होता. संध्याकाळची वेळ, तुम्ही गेलेले. पिनेनं उघडली. चिठ्ठी लिहायला बसलोसुद्धा. तेवढ्यात आठवलं, की माझी उचलीची मर्यादा कधीच संपलीय. मर्यादेबाहेर चिठ्ठी लिहिणं नियमबाह्य आहे. आणि मी नियमबाह्य काम करत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. म्हणून लिहिली नाही."

"साहेब, मग हे वर कळवा ना! मी आज किती दिवस..."

"वर काय कळवू? की शाखेच्या प्रमुखानंच पैसे घेतले? कंपनीची अब्रू जाईल."

"आणि माझी?"

"तुमची गेलेलीच आहे. गेलेल्या अब्रूवर नव्यानं खर्च येत नाही. कंपनीची अजून शिल्लक आहे, ती कशाला घालवायची?" साहेबांनी आवाज मऊ केला. "रोखपाल, मी तुमच्या भल्याचं सांगतो. माझी मर्यादा संपली. पोटनियमांची संपली. सरचिटणिसांची तर पुढल्या जन्माची संपली. अख्ख्या शाखेत मर्यादा शिल्लक आहे ती एकट्या तुमची. कोरी करकरीत. इतकी वर्षं नुसती पडून आहे. इकडे माणसं नडलेली आणि तुम्ही ती दाबून बसलात. रागावू नका, पण ही एक प्रकारची साठेबाजीच झाली."

"म्हणजे मी काय करायचं?"

"अठरा हजारांच्या चिठ्ठीवर मागली तारीख घालून सही करायची. पैसे पगारातून हळूहळू कापले जातील, तुम्हाला कळणारही नाही. तुमचं पगारात भागतंच. चौकशी बंद, आरोप मागे, फंड सुरक्षित. सही नाही केलीत तर अपहार, बडतर्फी आणि फंड जप्त. शुक्रवारी समिती निकाल देणार आहे. निकाल मी वाचलाय, चांगला लिहिलाय."

"पण सही केली तर मी पैसे घेतले असं होईल."

"होईल ना. घेतले आणि कबूल केले. यालाच प्रामाणिकपणा म्हणतात."

"आणि ज्यानं घेतलेच नाहीत, त्याला काय म्हणतात?"

प्रश्न साहेबांना नवीन होता. त्यांनी घंटी वाजवून पोटनियमांना बोलावले आणि तोच प्रश्न त्यांच्यापुढे ठेवला. अर्थात सर्वसाधारण स्वरूपात. पोटनियमांनी नियमांचे पुस्तक आणले, अंगठा ओला करून पाने उलटली, परिशिष्टेही पाहिली.

"न घेतलेल्याची तरतूद नाही, साहेब," ते म्हणाले.

रोखपालांनी शुक्रवारपर्यंतचा वेळ मागून घेतला. ते रोज फंडाचा आकडा मनातल्या मनात म्हणून पाहत. बायकोच्या गुडघ्यांचे उपचार त्यात होते, म्हातारपणाचे भाडे त्यात होते, लेकीवर ओझे होऊ नये म्हणून योजलेले सगळे त्यात होते. एकीकडे हा आकडा आणि दुसरीकडे एक वाक्य. वाक्य खरे होते, पण त्याने भाडे भरता येत नव्हते. शुक्रवारी सकाळी ते साहेबांपुढे जाऊन बसले आणि पेनचे टोपण काढले.

"खाली एक ओळ लिहू का?" त्यांनी विचारले. "'प्रत्यक्षात घेतले नाहीत' एवढीच. कंसात."

"चिठ्ठीवर शेरा चालत नाही," पोटनियम कळवळून म्हणाले. "बाद होते."

रोखपालांनी सही केली. 'अठरा हजारांची उचल घेतली.' अक्षर नेहमीसारखेच वळणदार आले, याचे त्यांना वाईट वाटले.

तासाभरात सारे पालटले. खुलाशावर हिरव्या शाईत 'समाधानकारक' असा शेरा पडला. किल्ली परत मिळाली. रोखपालांनी झाला प्रकार निःसंकोचपणे मान्य करून इतरांपुढे जो आदर्श घालून दिला, त्याबद्दल समितीने त्यांचे लेखी अभिनंदन केले. सरचिटणिसांनी तर त्यांना कडकडून मिठी मारली. "भाऊ, इतकी वर्षं वाटायचं, तुम्ही कुणी निराळेच आहात. आज आमचे झालात. पहिली उचल, चहा झाला पाहिजे!"

सगळ्या कार्यालयाने चहा मागितला, चहाबरोबर आणखी बरेच काही मागितले. रोखपालांच्या खिशात तेवढे पैसे नव्हते.

"मग घ्या की उचल!" पोटनियम हसत म्हणाले. "आता काय लाजायचं?"

रोखपालांनी तिजोरी उघडली, नोटा काढल्या आणि चिठ्ठी ठेवली. ही दुसरी चिठ्ठी खरी होती. तिच्याकडे कुणी पाहिलेसुद्धा नाही.

घरी बायकोचा चेहरा किती दिवसांनी उजळला. "उचलच होती तर आधी नाही का सांगायचं? सगळेच घेतात. उगाच माळा आवरायला लावलात." तिने लगेच भावाला कळवले आणि भावाने, भावोजींना शेवटी अक्कल आली, असा निरोप धाडला. वाटेत किराणावाल्याने मात्र गल्ल्यावरून उठायचे बंद केले होते. उचल घेणाऱ्या माणसाचे त्याला कौतुक नव्हते. तसली गिऱ्हाइके त्याच्याकडे ढीगभर होती.

लेक शाळेतून आली. आईने दारातच तिला बातमी सांगितली. ती चप्पल हातात धरून तशीच उभी राहिली.

"बाबा, सही केलीत?"

"हो गं. मिटलं सगळं."

"घेतले होते?"

"नाही."

"मग चिठ्ठीवर काय लिहिलंत?"

"चिठ्ठीवर घेतले असं लिहिलं. ते तसं लिहावं लागतं. साहेबांनीच घेतले होते, त्यांनी केबिनमध्ये स्वतः सांगितलं मला. पण त्यांची मर्यादा संपली होती, म्हणून माझ्या मर्यादेत..." रोखपाल बोलता बोलता थांबले. मोठ्याने म्हटल्यावर ते सारे कसे ऐकू येते, हे त्यांना पहिल्यांदाच कळले.

"साहेबांनी सांगितलं तेव्हा आणखी कोण होतं तिथं?"

"कुणी नाही. दार लोटलेलं होतं."

लेकीने चप्पल जागेवर ठेवली. ती चिडली नाही, रडली नाही. ती त्यांच्या जवळ येऊन बसली, त्यांचा हात हातात घेतला आणि अगदी मायेने म्हणाली, "बाबा, खरं काय ते सांगा ना. मी कुणाला नाही सांगणार."

अठरा हजार गेले तेव्हा, किल्ली गेली तेव्हा, सही केली तेव्हासुद्धा आपले काहीतरी शिल्लक आहे असे रोखपालांना वाटत होते. त्यांनी लेकीला उत्तर दिले. एका ओळीचेच होते, आणि त्यांना दुसरे येतही नव्हते. लेकीने समजूतदारपणे मान हलवली आणि चहा टाकायला उठून गेली.

तिला बोल लावण्यात अर्थ नाही. वाचकहो, साहेबांनी दार लोटून कबुली दिली तेव्हा तुम्हालाही हायसे वाटलेच की. त्याआधी रोखपालांनी इतक्यांदा सांगितले, तेवढ्याने तुमचे भागले नव्हते. आणि आता ऐका. त्या केबिनमध्ये काय बोलणे झाले, ते आम्ही रोखपालांच्याच तोंडून ऐकले आहे. साहेबांना विचारले तर ते म्हणतात, असे काही बोलणे झाल्याचे लेखी कुठेही नाही. आला ना मनात किंतु? लाजू नका. समितीत तुमच्यासाठी खुर्ची मांडली आहे. या, बसा.